"एवढ्यात संपलं?"

घोडबंदर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच घरांत व्यायामाची सायकल आहे आणि पावसाळ्यात तिच्यावर टॉवेल वाळतात. आमचीही त्यातलीच. जूनमध्ये उपवन तलावाची फेरी बंद पडते, मग सायकलवर बसायचं आणि आठव्या मिनिटाला घड्याळ बघून उतरायचं.

गेल्या पावसाळ्यात नेरूळच्या माझ्या धाकट्या भावाने नवा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायचं यंत्र, घेतला आणि जुना आमच्याकडे टाकला. खेळ साधा: तालावर अंगावर येणारे ठोकळे दोन्ही हातांतल्या तलवारींनी कापायचे, भिंत आली की वाकायचं. आत्याने तो चढवला. मी टीपॉय सरकवला, डोक्यावरचा पंखा बंद केला. वीस मिनिटांनी तिने हेडसेट काढला तेव्हा कपाळाला टेकणारा फोम घामाने चिंब होता आणि ती विचारत होती, "एवढ्यात संपलं?"

दम किती लागला हे विचारायला स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांची ६ ते २० अशी पट्टी वापरतात. आकडे असे विचित्र, कारण दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके यावेत. गंमत अशी, की व्हीआरमध्ये मेहनत तेवढीच असूनही माणसं बरेचदा या पट्टीवरचा आकडा कमी सांगतात. घाम खराच असतो, फक्त त्याच्याकडे लक्ष नसतं. धाप, मांड्यांतली जळजळ या सगळ्या बातम्या मेंदूपर्यंत येतात, पण तो ठोकळ्यांत गुंतलेला. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी आभासी बर्फाच्या दरीत गोळे फेकायला लावले, तेव्हाही वेदना कमी जाणवल्या. युक्ती तीच.

मर्यादाही तिथेच आहे. येऊरचा चढ धावत चढल्यासारखा जोर लागला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, की शरीर लक्ष हिसकावून घेतं. मग समोर कितीही सुंदर देखावा असो, उपयोग शून्य.

मी सायकलवर बसून आभासी घाटरस्ता लावून पाहिला. मळमळलं. माळशेजच्या एसटीत मोबाइल वाचताना होतं त्याच्या बरोबर उलट: तिथे आतल्या कानाला हलणं कळतं, डोळ्यांना नाही; इथे डोळे वळणं घेतात आणि कान म्हणतो, अरे, तू तर हॉलमध्येच आहेस. ठोकळ्यांच्या खेळात आभासी जमीन जागेवर राहते, म्हणून तो सोसतो.

नव्याची नवलाई मात्र मला खरी अडचण वाटते. २०१६ मध्ये फोनवरच्या पोकेमॉन गोने सगळ्यांना रस्त्यावर आणलं होतं. अमेरिकेतल्या तरुणांवरच्या एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलं वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ संपली. तो काही हेडसेट नव्हता, पण कंटाळा यंत्र बघून येत नाही.

माझा हेडसेट महिन्याभरात कपाटात गेला, टॉवेल सायकलवर परतले. आत्याने तो मागून नेला. तिला ठोकळ्यांचं फारसं कौतुक नाही; पण भावाचा स्कोअर तिला दिसतो आणि तिचा त्याला. परवा रात्री साडेदहाला तिने नेरूळला फोन लावला, "काल सहा हजारांनी पुढे कसा गेलास? मध्ये बसून खेळलास ना? खरं सांग."