ब्लॅक होलची सावली: फोटोच्या आधीपासूनची गोष्ट

२०१९ च्या एप्रिलमध्ये ब्लॅक होलचा पहिला फोटो आला, एम८७ या दूरच्या दीर्घिकेच्या मधल्या ब्लॅक होलचा, आणि तो नारिंगी मेदूवडा सगळ्यांनी स्टेटसला लावला, पण वड्याच्या मधल्या भोकाचं गणित कधीच होऊन बसलं होतं. १९७३ मध्ये जेम्स बार्डीनने फिरणाऱ्या ब्लॅक होलच्या मागे उजेड असेल तर काळ्या भागाची कड कशी दिसेल ते काढलं, आणि हे प्रत्यक्ष दिसायची काही आशा नाही असंही लिहून टाकलं. १९७९ ला फ्रान्सच्या ल्युमिनेने पंचकार्डवाल्या कॉम्प्युटरवर आकडे काढले आणि चित्र चक्क हाताने, शाईचे ठिपके देत देत केलं! मग २००० साली फाल्के, मेलिया, ॲगोल यांनी सांगितलं की आपल्या आकाशगंगेच्या मधल्या ब्लॅक होलची सावली, म्हणजे हाच काळा भाग, मिलिमीटर रेडिओ लहरींत पकडता येईल.

आता यात आईन्स्टाईनच्या गुरुत्वाकर्षणाच्या थिअरीची परीक्षा कुठे? तर सावलीचा साइज मुख्यतः वस्तुमान आणि अंतरावर ठरतो, ब्लॅक होल किती जोरात फिरतंय याने थोडाच फरक पडतो, म्हणजे वस्तुमान आधीच माहीत असेल तर थिअरीला पळवाट उरत नाही. एम८७ मध्ये घोळ तिथेच होता, वस्तुमान ताऱ्यांच्या वेगावरून सहा अब्ज सूर्यांच्या वर आणि गॅसच्या वेगावरून साडेतीन अब्जच, आणि फोटोतल्या ४२ मायक्रोआर्कसेकंदांच्या (आकाशातला अतिसूक्ष्म कोन) कड्याने ताऱ्यांची बाजू घेतली. माझ्या मते खरी परीक्षा २०२२ च्या फोटोची, कारण त्यातल्या सॅजिटेरियस ए-स्टारचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या मधल्या ब्लॅक होलचं, वस्तुमान ताऱ्यांच्या कक्षांवरून आधीच पक्कं होतं. साइज साधारण १० टक्क्यांत जुळला. तरी 'आईन्स्टाईन सिद्ध' वगैरे हेडलाइन जरा जास्तच, कारण तेव्हा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत असलेले पंकज जोशी, मालाफरिना आणि रमेश नारायण यांचं २०११ चं क्षितिज (जिथून उजेडही परतत नाही ती सीमा) नसलेल्या सिंग्युलॅरिटीचं (जिथे घनता अनंत होते ती जागा) मॉडेलही नुसत्या सावलीने बाद होत नाही.

पोलराइज्ड प्रकाशाचा, म्हणजे ज्याच्या लहरी ठरावीक दिशेतच हलतात त्या प्रकाशाचा, विचारही जुनाच. १९७७ मध्ये स्टार्क आणि कॉनर्स यांनी सुचवलं होतं की फिरत्या ब्लॅक होलजवळून येणाऱ्या एक्स-रेंची पोलरायझेशनची दिशा गुरुत्वाकर्षणाने वळते, ती मोजा. पण २०२१ ला एम८७ चा पोलराइज्ड फोटो आला त्यातून आधी कळलं ते चुंबकीय क्षेत्र, १ ते ३० गॉस (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). शिवाय वाटेतला प्लाझ्माही (तापून विद्युतभारित झालेला गॅस) दिशा फिरवतो, मग कोणी किती फिरवली हे कसं वेगळं करणार? त्यात २०२५ मध्ये कळलं की २०१७ ते २०२१ मध्ये तिथला पोलरायझेशनचा पॅटर्न उलटाच झाला, आणि चार वर्षांत गुरुत्वाकर्षण काही बदलत नाही, तो सगळा प्लाझ्माचा कारभार. गुरुत्वाकर्षणाचा वाटा स्वच्छ बघायचा तर आतलं बारीक फोटॉन रिंग (ब्लॅक होलभोवती फेरी मारून आलेल्या प्रकाशाचं कडं) सुटं दिसायला हवं, आणि त्यासाठी अंतराळातच दुर्बीण न्यावी लागणार.