पीसी गेमिंगसाठी मोठी स्क्रीन

मोठी गेमिंग स्क्रीन म्हणजे ढोबळमानाने ३२ इंच किंवा त्याहून मोठा डिस्प्ले, जो गेमिंग पीसीला जोडायचा आहे. तो मॉनिटर म्हणून विकलाय की टीव्ही म्हणून, याने पीसीला काही फरक पडत नाही, आपल्याला पडतो. दुकानात सगळे आधी इंच विचारतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत मात्र हा प्रश्न आधी टेपने सुटतो, कारण बेडरूम दहा बाय दहा, फार तर दहा बाय अकरा, त्यात बेड, कपाट आणि उरलेल्या कोपऱ्यात दोन फुटी टेबल. डोळ्यापासून भिंत किती लांब आहे ते एकदा मोजलं की इंच ठरतात, इंचांवरून रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेल (चित्राचे ठिपके) किती, ते ठरतं, रिझोल्यूशनवरून ग्राफिक्स कार्ड आणि मग केबल. उलट्या क्रमाने गेलं की पैसे जातात.

अंतर आणि इंच

स्क्रीन किती मोठी "वाटते" हे ती डोळ्यासमोर किती अंशांचा कोन भरते यावर असतं. एक हिशोब करून बघा. टेबल दोन फूट म्हणजे साधारण ६१ सेंमी, मॉनिटर स्वतःच्या स्टँडवर उभा केला की पॅनल भिंतीपासून वीतभर पुढे येतं, आणि माणूस टेबलाच्या कडेपासून थोडा मागे बसतो, म्हणजे डोळा ते काच अंतर झालं ५५ सेंमीच्या आसपास. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंमी रुंद असतो, तो या अंतरावरून साधारण ५७ अंशांचा कोन भरतो. आता हॉलमधला ५५ इंची टीव्ही घ्या, रुंदी १२२ सेंमी, सोफ्यावरून सहा फुटांवर. तो भरतो फक्त ३७ अंश. म्हणजे हॉलमधल्या ज्या टीव्हीसाठी आपण घरात महिनाभर भांडलो तो डोळ्याला टेबलावरच्या २७ इंचीपेक्षा लहानच दिसतो, आणि सोफा आठ फुटांवर असेल तर २८ अंशांवर येतो. हे गणित समजलं की अर्धी खरेदी तिथेच रद्द होते.

टेबलावरच बसायचं असेल तर ५५ सेंमीवरून ३२ इंची सुमारे ६५ अंश भरते, आणि बहुतेकांना एवढं पुरतं. ४२ इंची तिथेच ठेवली तर ८० अंश होतात, मग डाव्या कोपऱ्यातला मिनीमॅप आणि उजव्या कोपऱ्यातल्या गोळ्या बघायला मान वळवावी लागते, शूटर गेममध्ये तोपर्यंत आपण मेलेलो असतो. पण तीच ४२ इंची भिंतीला ठोकली, स्टँड काढून टाकला, की अंतर ७० सेंमीपर्यंत जातं आणि कोन ६७ अंशांवर उतरतो, म्हणजे स्टँडवरच्या ३२ इंचीएवढाच. भिंत हीच खरी जागा वाढवणारी गोष्ट आहे, टेबल मोठं करायला खोलीत जागा नसते.

मात्र भिंत कुठली ते बघून. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांमध्ये बऱ्याच ठिकाणी मिवान पद्धतीने ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या भिंती आहेत, तिथे घरातलं साधं ड्रिल नुसतं किंचाळतं, हॅमर ड्रिलवाला बोलवावा लागतो आणि सोसायटीच्या ड्रिलिंगच्या वेळा पाळाव्या लागतात. वाशी, नेरुळ, कोपरखैरणेच्या जुन्या सिडको इमारतींमध्ये भोक लगेच पडतं, पण पावसाळ्यात बाहेरच्या बाजूच्या भिंतीला ओल येते. अशा भिंतीवर लाखाचं पॅनल लावू नये, आतली पार्टिशनची भिंत शोधावी, आणि ती जिप्समची पोकळ निघाली तर तो विचारही सोडावा. मॉनिटरला मागे सहसा १०० बाय १०० मिमीची भोकं असतात, टीव्हीला त्याहून लांब अंतरावर, म्हणून ब्रॅकेट मोजून घ्यायचा, "सगळ्यांना बसतो साहेब" यावर विश्वास नको.

उंचीचंही तेच. ४२ इंची पॅनल ५२ सेंमी उंच असतं. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली राहिली तर मान टिकते. हॉलमध्ये सुताराने टीव्ही युनिट केलेलं असतं त्यातला खण बऱ्याचदा ४३ इंचाच्या मापाचा आणि सोफ्यावर रेलून बघायच्या उंचीचा, तिथे ताठ बसून तीन तास गेम खेळणारा माणूस दुसऱ्या दिवशी मानेला शेक देतो.

अतिरुंद मॉनिटर हा वेगळा प्रकार. ४९ इंचाचा ३२:९ (रुंदी-उंचीचं प्रमाण, नेहमीची स्क्रीन १६:९) म्हणजे २७ इंची दोन मॉनिटर शेजारी ठेवल्यासारखं, ५१२० बाय १४४० पिक्सेल, उंची जेमतेम ३४ सेंमी. चार फूट लांब टेबल तो एकटाच खातो. रेसिंग आणि विमानांच्या गेमना यासारखं सुख नाही, पण काही गेम ३२:९ ला साथच देत नाहीत आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडतात. ३४ इंचाचा २१:९ वाला जास्त सोशिक आहे.

पिक्सेलची घनता

इंच वाढले आणि पिक्सेल तेवढेच राहिले की चित्र भरड दिसतं. २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) मध्ये इंचाला १०९ पिक्सेल येतात, ३२ इंची १४४०पी मध्ये ९२, ३२ इंची ४के (३८४० बाय २१६०) मध्ये १३८, ४२ इंची ४के मध्ये १०५, ४८ मध्ये ९२, ५५ मध्ये ८०. ४८ इंची ४के पॅनल म्हणजे २४ इंची फुल एचडीचे चार मॉनिटर फ्रेम काढून एकमेकांना चिकटवलेले, दाणा अगदी तोच. ठीक नजरेच्या माणसाला ४२ इंचीवरचे पिक्सेल साधारण ८३ सेंमीनंतर सुटे दिसत नाहीत, ५५ इंचीवर त्यासाठी ११० सेंमी मागे जावं लागतं, म्हणून टेबलावर ५५ इंची ठेवायला मी कुणाला सांगणार नाही. सॅमसंगने २०२२ मध्ये ५५ इंची वक्र ओडिसी आर्क काढला तो टेबलासाठीच होता हे खरं, पण त्याला टेबलही तसंच लागतं.

जे दिवसा त्याच स्क्रीनवर ऑफिसचं काम करतात, आणि ऐरोली-घणसोलीच्या आयटीवाल्यांत असे खूप आहेत, त्यांनी अक्षरं तपासावी. ओलेड पॅनलमध्ये, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमीच्या एलसीडीसारखी नसते, त्यामुळे विंडोजच्या अक्षरांच्या कडांना हलकी रंगीत झालर दिसते. गेममध्ये ती कळत नाही, एक्सेलमध्ये खटकते.

कार्ड

फुल एचडीत सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख आणि ४के मध्ये ८२.९ लाख. म्हणजे जे कार्ड फुल एचडीला आरामात पळतं त्याला ४के वर चौपट ओझं. डीएलएसएस किंवा एफएसआर ही कार्डांची सॉफ्टवेअर सोय लावून गेम कमी रिझोल्यूशनवर रेंडर करून मोठा करता येतो, आणि मोठ्या स्क्रीनवर आता बहुतेक जण तेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते नसेल तर एक बारीक गोष्ट: ४के पॅनलवर १४४०पी लावलं तर एका पिक्सेलचे दीड पिक्सेल करावे लागतात, ते नीट बसत नाही आणि चित्र मऊ पडतं. १०८०पी, म्हणजे फुल एचडी, बरोबर दुप्पट बसतं. जुनं कार्ड असेल आणि पुढची दोन वर्षं बदलायचं नसेल तर ४के च्या नादी न लागता ३२ इंची १४४०पी घ्यावी, दाणा २४ इंची फुल एचडीएवढाच राहतो, पण कार्ड श्वास घेतं.

केबल आणि पोर्ट

इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात. एचडीएमआय २.० चा नळ सेकंदाला १८ गिगाबिटचा, त्यातून ४के ला ६० हर्ट्झच (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) पूर्ण रंगात जातात. ४के ला १२० पाहिजे तर एचडीएमआय २.१, त्याची कमाल ४८ गिगाबिट. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० ला ८.३, हा फरक माऊस हलवताच हाताला कळतो. पण पाठीमागे २.१ छापलं म्हणजे ४८ गिगाबिट मिळतीलच असं नाही, त्या मानकातल्या बऱ्याचशा सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये "४के १२० हर्ट्झ" आणि "व्हीआरआर" (कार्डाच्या वेगाप्रमाणे स्क्रीनने आपले हर्ट्झ बदलणं) हे शब्द स्वतः शोधायचे. बऱ्याच टीव्हींना चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण ताकदीचे असतात, त्यातला एक ईएआरसीचा, म्हणजे आवाज बाहेर काढायचा, तो साउंडबार आधीच घेऊन बसलेला असतो. मॉनिटरला असतो तो दुसरा पोर्ट, डिस्प्लेपोर्ट, टीव्हीला तर सहसा नसतोच.

"मोशन रेट १२०" किंवा तशा नावाचा स्टिकर हा हर्ट्झ नव्हे, ती सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम बनवायची करामत आहे, आतलं पॅनल ६० चंच असू शकतं. मी स्वतः एकदा ठाण्यातल्या एका दुकानातून असा टीव्ही उचलला होता, सेल्समन छातीठोकपणे सांगत होता, घरी येऊन विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० च्या वर आकडाच दिसेना. चूक अर्धी माझी, बॉक्सवर बारीक अक्षरात खरं लिहिलं होतं.

केबलवर "अल्ट्रा हाय स्पीड" असं लेबल आणि स्कॅन करायचा कोड असतो तीच घ्यावी. साधी तांब्याची केबल दोन-तीन मीटरपर्यंत नीट चालते, पीसी बेडरूममध्ये आणि टीव्ही हॉलमध्ये असला उद्योग असेल तर फायबरची एचडीएमआय केबल लागते, तिला दिशा असते, उलटी लावली तर काळी स्क्रीन. आणि केबल ग्राफिक्स कार्डात लावायची, मदरबोर्डच्या पोर्टात नाही. हे लिहायला हसू येतं पण होतं असं.

टीव्हीवर गेम मोड चालू केल्याशिवाय खेळू नये. टीव्ही चित्र सुंदर करायला प्रत्येक फ्रेमवर काम करतो, त्यात माऊस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंत जाणवण्याइतका उशीर होतो, गेम मोडमध्ये ही कारागिरी बंद होते. शिवाय इनपुटचं नाव किंवा प्रकार "पीसी" केला की बऱ्याच टीव्हींवर रंगाची पूर्ण माहिती, म्हणजे ४:४:४, घेतली जाते, नाहीतर लाल अक्षरं काळ्यावर फाटल्यासारखी दिसतात. व्हीआरआरची मुळं मॉनिटरमध्ये आहेत, ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाचं जी-सिंक हा त्याचाच प्रकार, २०१३ मध्ये जाहीर झाला. एनव्हिडियाने २०१८ मध्ये ६५ इंची गेमिंग डिस्प्लेची कल्पना मांडली, एचपीने २०१९ मध्ये तो विकायलाही आणला, किंमत ५००० डॉलरच्या घरात. त्याच वर्षी एलजीच्या ओलेड टीव्हींना एचडीएमआय २.१ आणि जी-सिंकची साथ मिळाली, आणि २०२० मध्ये ४८ व २०२२ मध्ये ४२ इंची ओलेड आल्यावर त्या महागड्या प्रकाराची गरज संपली.

पॅनल

एलसीडीचे मुख्य प्रकार आयपीएस आणि व्हीए. आयपीएस बाजूने बघितलं तरी रंग धरून ठेवतं, पण त्याचा काळा रंग राखाडी असतो, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण) साधारण १०००:१. व्हीए त्याच्या तिप्पट किंवा जास्त, पण स्वस्त व्हीए पॅनलवर अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे शेपूट ओढल्यासारखं दिसतं. मिनी-एलईडी म्हणजे मागचा उजेड शेकडो-हजारो तुकड्यांत कमीजास्त करणारा एलसीडी, दिवसा उजेड येणाऱ्या हॉलला हाच बरा, पश्चिमेची स्लाइडिंग खिडकी असेल तर संध्याकाळी चार ते सहा चकचकीत काचेत आपलाच चेहरा दिसतो.

ओलेड सगळ्यात देखणं. पण जे चित्र एका जागी थांबून राहतं ते कालांतराने पॅनलवर उमटतं. गेमर फक्त विंडोजच्या टास्कबारची आणि हेल्थबारची काळजी करतात, आणि टास्कबार लपवणं योग्यच, पण इथल्या घरात खरा धोका बाबांच्या न्यूज चॅनलचा असतो, खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो दिवसाचे आठ तास. टीव्ही एकच आणि सामाईक असेल तर ओलेड नको, मिनी-एलईडी घ्या आणि घरात शांतता ठेवा.

एचडीआर (जास्त उजळ उजेड आणि जास्त गडद अंधार) लिहिलेल्या ३२ इंची मॉनिटरवर डिस्प्लेएचडीआर ४०० एवढाच, म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा असेल तर ते नसल्यातच जमा.

खरेदी आणि वीज

३२ इंच हा आकडा बरीच वर्षं करामुळेही महत्त्वाचा होता. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचापर्यंतच्या टीव्ही-मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्यांवर २८, असा भेद होता, तो २२ सप्टेंबर २०२५ ला गेला, आता दोन्हींवर १८. जुने रिव्ह्यू वाचताना किमती त्या हिशोबाने धरायच्या.

मॉनिटरसाठी मुंबईचा कॉम्प्युटर बाजार, लॅमिंग्टन रोड, अजून आहेच, ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पण ३२ च्या वरचा बॉक्स लोकलमधून आणायचं धाडस करू नये. शोरूममध्ये टीव्ही दुकानाच्या मोडवर, पूर्ण भडक उजेडात चालू असतात, त्यावरून काहीच ठरत नाही. लॅपटॉप आणि आपली केबल घेऊन जावं, जोडून बघू द्या म्हणावं, देत नसतील तर दुसरं दुकान. बॉक्स टेम्पोत आडवा झोपवू नये, उभाच आणावा, आणि तो लिफ्टमध्ये मावतो का हे आधी मोजावं. उघडताना व्हिडिओ काढा, मग लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण रंग लावून मेलेले पिक्सेल बघा.

दोन्ही शहरांत बहुतेक ठिकाणी वीज महावितरणची, पावसाळ्यात ती जाते-येते, आणि बाजारातला लहान ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा, त्यावर गेमिंग पीसी आणि मोठी स्क्रीन दोन्ही ओढत नाहीत. यूपीएस पीसीला द्यावा, स्क्रीनला चांगला सर्ज प्रोटेक्टर.

ओलेड घेतलाच तर आणखी एक. दिवसभरात काही तास चालल्यावर रिमोटने बंद केला की हा टीव्ही स्टँडबायमध्ये गुपचूप पॅनलची दुरुस्ती करत बसतो, त्यासाठी त्याला वीज लागते. आणि आपल्याकडे झोपण्याआधी आई घरभर फिरून सगळे स्विच भिंतीवरून बंद करते. माझ्याकडे त्या स्विचवर आता सेलोटेपने चिठ्ठी लावलीय, "हा बंद करायचा नाही", आणि तिच्याखाली आईच्या अक्षरात, "मग बिल कोण भरणार?"