प्रश्न कुणी विचारायचा? मराठी चर्चमधल्या प्रौढ धर्मशिक्षणाची पार्श्वभूमी

बुधवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कुणाच्या तरी दारात चपलांचा ढीग पडतो. कॉट भिंतीला सरकवलेली असते, शेजारून चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणलेल्या असतात, टीव्ही बंद करून त्यावर टॉवेल टाकलेला असतो. चेनच्या काळ्या कव्हरांतून बायबलं बाहेर निघतात, एखाद्या आजीचा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो आणि कुणीतरी ‘उपासना संगीता’तला नंबर पुकारतो. प्रोटेस्टंट मंडळींत याला घरप्रार्थना किंवा बायबल क्लास म्हणतात. कॅथलिकांत ‘आज आमच्याकडे एससीसी आहे’, म्हणजे वस्तीतल्या लहान ख्रिस्ती समूहाची बैठक आहे, एवढं म्हटलं की पुरतं. संडे स्कूल म्हणजे मुलांचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्यांच्या या शाळेला मात्र कुणी शाळा म्हणत नाही. तिची मुळं शोधायची तर थेट सतराव्या शतकातल्या गोव्यात जावं लागतं.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला आणि उरलेलं जवळजवळ सगळं आयुष्य दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहिला. 1616 मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ राचोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. दोन भाग, जवळपास अकरा हजार ओव्या, भाषा मराठी आणि तिच्यात कोकणीची सरमिसळ. हा ग्रंथ मुळात मोठ्या माणसांसाठी होता. रविवारी आणि सणावारी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, झाला की चर्चमध्ये त्याचं वाचन होई, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पुराण ऐकायला बसायची सवय लोकांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या होतीच. स्टीफन्सने तीच बैठक उचलली आणि कथा बदलली.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती पुराणाची सुरुवात. तिथे एक नवख्रिस्ती पाद्रीला गाठून विनवतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? विनवणीच्या आड तक्रार आहे आणि तिच्यामागे खरीखुरी जबरदस्ती होती, हे विसरू नये. तरीही अकरा हजार ओव्यांचा डोलारा एका श्रोत्याच्या प्रश्नावर उभा आहे. याउलट स्टीफन्सची कोकणी ‘दौत्रिन’, म्हणजे प्रश्नोत्तरावली, त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये निघाली. तिच्यात प्रश्नही छापील आणि उत्तरही छापील. शिकणाऱ्याने दोन्ही पाठ करायची. मोठ्यांना धर्म शिकवायच्या या दोन तऱ्हा, एक श्रोत्याच्या प्रश्नातून निघालेली आणि दुसरी घोकंपट्टीची, तेव्हापासून हातात हात घालून, कधी एकमेकींचा पाय ओढत, चालत आल्या आहेत. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं आणि गोव्यातला तो धागा पार विरत गेला.

घाटावर आणि मुंबईत गोष्ट वेगळी घडली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, 1842 मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. या काळातली चर्चा म्हणजे वाद. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू शास्त्रीमंडळींचे जाहीर खटके उडत. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी हिंदू धर्माची बाजू घेऊन मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांसमोर वादाला उभे राहिले. पण ते सगळं चर्चच्या दाराबाहेर. दाराच्या आत आलेल्या माणसाने मात्र ऐकायचं.

आणि आत येणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्या मुख्यतः महार, मांग समाजातून उभ्या राहिल्या. तिथे मिशनचा मास्तर दिवसा पोरांना बाराखडी शिकवी आणि रात्री कंदिलाखाली मोठ्यांना शास्त्र सांगे. शास्त्र लक्षात राहायचं ते गाण्यातून. म्हणून कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन हाती घेतलं. चाली ओळखीच्या, टाळ-चिपळ्या ओळखीच्या, आख्यान मात्र बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं, म्हणजे बापाचा पैसा उडवून परत आलेल्या आणि बापाने क्षमा केलेल्या मुलाचं. कीर्तनाने धर्मशिक्षण वाड्यावस्त्यांवर नेलं यात शंका नाही, पण कीर्तनात मध्येच हात वर करून ‘बुवा, हे पटलं नाही’ असं कुणी म्हणत नाही.

कवी नारायण वामन टिळक हे इथलं मोठं नाव, ते केवळ त्यांच्या भक्तिपदांमुळे नव्हे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी त्यांनी बायबलचा नवा करार आपला आपण वाचला होता. आगगाडीत भेटलेल्या एका परक्या प्रवाशाने तो त्यांच्या हातात दिला होता. वाचत, शंका काढत आत आलेल्या या माणसाला मिशनची चौकट पुढे काचू लागली. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार काही फार टिकला नाही. पण मला तर तो सभासदनोंदणीआधीच बसायला जागा देणारा पहिला मराठी अभ्यासगट वाटतो.

तिकडे पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी प्रश्न उलट बाजूने हाताळला. दुष्काळात आसऱ्याला आलेल्या बायकांना बायबल वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखवलं तरी जड शब्द कळत नव्हते. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, तरी त्यांनी संस्कृताळलेली भाषा बाजूला ठेवली. हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला त्या बसल्या. 1922 मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, काम पुरं झालं. 1924 मध्ये ग्रंथ बाहेर पडला. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. काल जिला अक्षर येत नव्हतं तिने आज शास्त्राचे खिळे जुळवायचे, यापरतं प्रौढ शिक्षण आणखी कुठलं?

कॅथलिकांकडे खरी उलथापालथ झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65). मिस्सा लॅटिनमधून मराठीत आला आणि सामान्य माणसाने बायबल उघडावं, असं रोमनेच सांगितलं. आधीच्या पिढीच्या हातात रोझरी, म्हणजे जपमाळ असे, बायबल नसे. वसईत ‘सुवार्ता’ मासिकाने आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ने वाचायला मराठी दिली. 1980 च्या दशकापासून मुंबई धर्मप्रांतात लहान ख्रिस्ती समूह, म्हणजेच एससीसी, बांधले जाऊ लागले. वसई तेव्हा त्याच धर्मप्रांतात होती. आशियातल्या बिशपांनी 1990 मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगच्या सभेत ‘सर्वांच्या सहभागाचं चर्च’ हाच रस्ता धरला.

या समूहांत चालणारी ‘सात पायऱ्यां’ची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची. प्रभूला बोलवा, उतारा वाचा, मनात अडकलेला शब्द मोठ्याने म्हणा, गप्प बसा, काय जाणवलं ते सांगा, वस्तीत काय करायचं ते ठरवा, शेवटी प्रार्थना. पाचव्या पायरीचा नियम कडक आहे: दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलायचं नाही, दुरुस्ती करायची नाही, प्रवचन तर नाहीच. फादर आले तरी ते वर्तुळातले एक.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात चौथी पायरी, मौन, आमच्याकडे अर्धा मिनिटही टिकत नाही; कुकरची शिट्टी होते किंवा कुणीतरी ‘चला’ म्हणतं. आणि पाचवीला सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळतात, जो निवृत्त मास्तर असतो किंवा ज्याला बायबलची वचनं पाठ असतात.

मागे एकदा उधळ्या पुत्राचा उतारा होता. मास्तरांनी बापाच्या क्षमेवर सुरेख सांगितलं, नियम मोडून. मग कोपऱ्यातल्या एका बाई, ज्या कधी बोलत नाहीत, म्हणाल्या, ‘पण या गोष्टीत त्या पोराची आई कुठंय?’ मास्तरांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. चहा आला तरी कुणी कप उचलला नव्हता.