चुटपुट आणि रुखरुख

वाचनालयातून आणलेली एक कादंबरी दोन रात्रींत संपवली आणि हिरमुसलो. जगण्याला विटलेली नायिका, न निवडलेली आयुष्यं एकेक करून जगून बघते. दुकानात साड्या अंगावर लावून बघाव्यात तशी! प्रत्येकीत काहीतरी खोट निघते, पस्तावा विरतो, त्यासोबत नैराश्यही पळतं.

आम्हां बेळगावकरांना जर-तरची सवय १९५६ पासूनची. राज्य पुनर्रचनेनंतर 'तिकडं गेलो असतो तर' हे इथल्या कट्ट्यांवर कधी थांबलंच नाही. पण मन हे 'तर' रचतं कसं?

कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक प्रश्न मांडला. दोघांची विमानं चुकली, एकाचं पाच मिनिटांनी, दुसऱ्याचं अर्ध्या तासानं. जास्त हळहळेल कोण? जवळपास सगळे म्हणाले, पहिला. नुकसान दोघांचं सारखंच. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचा शेवटचा डबा फलाटावरून जाताना ज्यानं पाहिलाय, त्याला हे समजावायला नको. मन अख्खं आयुष्य बदलत नाही, हाताशी असलेला एखादा तपशील बदलतं. आपली 'चुटपुट' ती हीच.

ही टोचणी निरुपयोगीही नाही. २००४ मधल्या एका प्रयोगात लोकांनी दोन चाकांतलं एक निवडून पैज लावली, मग न निवडलेल्या चाकाचा निकालही त्यांना दाखवला. डोळ्यांच्या खोबणीवरच्या मेंदूच्या भागाला इजा झालेले रुग्ण हरल्यावर नाराज होत, पण 'दुसरं धरलं असतं तर' हे त्यांना वाटतच नसे. पुढचे डाव सावधपणे खेळायलाही ते शिकले नाहीत.

'रुखरुख' वेगळी. गिलोविच आणि मेडवेक यांना १९९० च्या दशकात आढळलं, की केलेल्या चुका लवकर बोचतात, पण वर्षानुवर्षं सलतं ते न केलेलं. माझ्या खानापूरच्या मावशीचं बी.एड. राहिलं, ते अजून निघतं. केलेल्या गोष्टीला शेवट असतो, न केलेलीला कल्पना हवा तेवढा रंग देते. तिला शेवट दाखवावा, एवढं मात्र कादंबरीला बरोबर उमगलंय.

नैराश्यात पस्तावा हा नुसता गैरसमज नसतो. तेच विचार पुन्हा पुन्हा चघळले जातात, याला मानसशास्त्रात रवंथच म्हणतात. एक 'तर' खोडला की दुसरा उगवतो. त्याला उपचार लागतात, समुपदेशन, गरजेनुसार औषधं. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

कादंबरी मावशीला दिली होती. चाळीस पानांवरून परत आली.

"एवढ्या आयुष्यांत हिला स्वयंपाक कोण करून घालतंय रे?"