बॅडमिंटन (गाव आणि शब्द)

बॅडमिंटन म्हटलं की आपल्याला रॅकेट, नेट आणि फूल आठवतं, पण हे मुळात इंग्लंडमधल्या एका लहानशा गावाचं नाव आहे. ब्रिस्टल शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर, साउथ ग्लॉस्टरशर भागात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या दक्षिण टोकाकडे. खरं तर गावं दोन, ग्रेट बॅडमिंटन आणि लिटल बॅडमिंटन, आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात तसंच. नुसतं बॅडमिंटन म्हणतात ते बुद्रुकला.

नाव बरंच जुनं आहे. सन ९७२ च्या एका कागदात ते बादिमिंगटुन असं आलंय, आणि १०८६ मधे विल्यम राजाने सगळ्या इंग्लंडच्या जमिनींची जी मोजदाद करवली त्या डोम्सडे बुकात मॅडमिंट्यून, म्हणजे ब च्या जागी म. शेवटचं टुन म्हणजे शेतवाडी, वस्ती, आणि आधीचा भाग बादुहेल्म नावाच्या कुणा माणसाचा असं जाणकार मानतात, म्हणजे बादुहेल्मची वाडी.

१२७५ पासून गाव बोटेलर घराण्याकडे होतं. १६१२ मधे वूस्टरचा चौथा अर्ल (म्हणजे बडा सरदार) एडवर्ड सॉमरसेट याने ते विकत घेतलं आणि तिथून गावाचं नशीब बदललं. या सॉमरसेट घराण्याचं मूळ ठाणं वेल्समधला रॅगलन किल्ला, पण यादवी युद्धात ते राजाच्या बाजूने उभे राहिले, १६४६ मधे किल्ला पडला आणि संसदेच्या लोकांनी त्याची मोडतोड केली, मग घराण्याने मुक्काम बॅडमिंटनला हलवला. १६८२ मधे त्यांना ड्यूक ऑफ बोफर्ट हा किताब मिळाला आणि बॅडमिंटन हाऊस हा प्रचंड वाडा उभा राहिला. पुढे विल्यम केंटसारख्या आर्किटेक्टने त्यावर काम केलं, व्हेनिसच्या कॅनालेट्टोने त्याची चित्रं काढली. गावातलं सेंट मायकल चर्च १७८५ चं, ते वाड्याला चिकटूनच आहे. थोडक्यात गाव म्हणजे ड्यूकची इस्टेट. १९०३ मधे रेल्वे आली तेव्हासुद्धा जमीन देताना ड्यूकने इथे गाड्या थांबल्या पाहिजेत अशी अट घातली होती, स्टेशन १९६८ ला बंद झालं.

याच वाड्यात १७८८ मधे फिट्झरॉय सॉमरसेट जन्मला. वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला, पुढे तो लॉर्ड रॅगलन झाला आणि क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश फौजेचा सेनापती होता. शिंपी लोक थेट गळ्यापर्यंत जाणाऱ्या ज्या बाहीला रॅगलन बाही म्हणतात ते नाव त्याच्यावरूनच आलंय. त्याला पुरलंय पण बॅडमिंटनलाच.

आता खेळ. फूल हवेत उडवत ठेवायचं, खाली पडू द्यायचं नाही, हा पोरांचा आणि बायकांचा खेळ इंग्लंडमधे आधीपासून होता आणि ड्यूकच्या वाड्यात तो जोरात चालायचा, तिथल्या जुन्या बॅटींवर दोन हजारांहून जास्त टोले सलग मारल्याच्या नोंदी लिहिलेल्या आहेत. १८७३ मधे वाड्यावरच्या एका पार्टीत भारतातनं आलेल्या ऑफिसरांनी हा खेळ दाखवला आणि त्याला नाव पडलं, ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते. ती जशीच्या तशी खरी धरू नये असं माझं मत आहे, कारण लंडनच्या आयझॅक स्प्रॅट नावाच्या खेळणीवाल्याने १८६० मधेच बॅडमिंटन हे नाव घातलेली पुस्तिका काढली होती. नाव गावाचं यात वाद नाही, पण ते १८७३ च्या आधीच चालू होतं.

आणि खेळाला स्पर्धेचं रूप देण्यात मोठा वाटा आपल्या पुण्याचा आहे, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगायला हवं. कॅन्टोन्मेंटमधले ब्रिटिश ऑफिसर मधे जाळी बांधून दोन बाजूंनी खेळायचे, खेळाला पूना असंच म्हणायचे आणि १८७० च्या दशकात इथले नियम लिहून निघाले. तेच लोक सुट्टीवर किंवा रिटायर होऊन परत गेले तसा खेळ तिकडे पसरला. १८९३ मधे इंग्लंडची असोसिएशन झाली, १८९९ पासून ऑल इंग्लंड स्पर्धा. सुरुवातीचं कोर्ट मधे निमुळतं, वाळूच्या घड्याळासारख्या आकाराचं होतं, ते १९०१ मधे सरळ चौकोनी केलं. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मधे क्वालालंपूरला विजेतेपद मिळवलं, परदेशात स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू.

शब्दाचे बाकीचे अर्थ आता मागे पडलेत. रेड वाइन, साखर आणि सोडा मिसळून केलेल्या थंड सरबतवजा पेयाला एकोणिसाव्या शतकात बॅडमिंटन म्हणायचे, आणि त्याच्या लाल रंगावरून बॉक्सिंगवाल्यांच्या बोलीत रक्तालाही तोच शब्द होता. आठव्या ड्यूकच्या देखरेखीखाली १८८५ पासून खेळांवरच्या पुस्तकांची बॅडमिंटन लायब्ररी ही मालिका निघाली. ब्रिस्टलमधे बॅडमिंटन स्कूल ही मुलींची शाळा आहे, इंदिरा गांधी तिथे थोडे दिवस शिकल्या होत्या.

आज मात्र इंग्लंडच्या घोडेवाल्या मंडळींसमोर बॅडमिंटन म्हणालात तर त्यांच्या डोळ्यासमोर रॅकेट येतच नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधे ब्रिटिश घोडेस्वार कमी पडले हे दहाव्या ड्यूकला लागलं, त्याने आपल्या इस्टेटीचं मैदान सरावाला दिलं आणि १९४९ पासून तिथे घोडेस्वारीची स्पर्धा सुरू झाली. घोडा आणि स्वार यांनी ड्रेसाज (शिस्तीत ठरलेल्या चाली), क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातून अडथळ्यांवरून दौड) आणि शो जंपिंग (रिंगणात अडथळ्यांवरून उड्या) असं तिन्ही करून दाखवायचं. मे महिन्यात होणारी ही स्पर्धा या प्रकारातली जगातल्या सगळ्यात अवघड स्पर्धांपैकी एक धरली जाते, आणि क्रॉस कंट्रीच्या दिवशी एवढ्याशा गावात प्रचंड गर्दी लोटते.