ब्राउझरमध्ये रणगाडे कसे आले

पत्ता टाकायचा, पान उघडायचं, टोपणनाव लिहायचं. थोड्याच वेळात आपण निळ्या संघाच्या जीपमध्ये बसलेलो असतो. समोरच्या टेकडीवरून लाल संघाचा रणगाडा उतरत असतो आणि डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत असतं. झाडं म्हणजे हिरवे शंकू, माणसं म्हणजे चारसहा ठोकळे. पैसे लागत नाहीत, काही इन्स्टॉलही करावं लागत नाही. ‘वॉर ब्रोकर्स’ हे या जातीच्या खेळांतलं एक ओळखीचं नाव. अशा खेळांना बरेच जण मोठ्या खेळांची स्वस्त नक्कल समजतात. मला ते मुळीच पटत नाही. तो ठोकळेबाजपणा तिथे का आहे, हे त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात रणगाड्यापासूनच झाली. १९८० साली अटारी कंपनीचं ‘बॅटलझोन’ आर्केडमध्ये आलं. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा, त्या रेघांचेच डोंगर आणि त्यातूनच उभे राहणारे शत्रूचे रणगाडे. रंग भरलेला एकही पृष्ठभाग नव्हता, तरी आपण रणगाड्याच्या आत बसून बाहेर बघतोय हा भास पक्का होता. अमेरिकी सैन्याने प्रशिक्षणासाठी त्याची वेगळी आवृत्ती करून घेतली होती. अंतर, दिशा आणि वेग बरोबर असले की डोळा बाकीचं भरून घेतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

पायदळ आणि वाहनं एकाच मैदानात, ही कल्पना रुजली ती स्वीडनमध्ये. रिफ्रॅक्शन गेम्स या छोट्या स्टुडिओने १९९९ मध्ये ‘कोडनेम ईगल’ काढला. एकट्याने खेळायला तो सामान्यच होता. पण त्याच्या मल्टिप्लेअरमध्ये धावत जाऊन विमानात बसता यायचं, उडी मारून खाली उतरता यायचं आणि पुन्हा गाडी पकडता यायची. पुढे डाइस कंपनीने हा स्टुडिओ विकत घेतला आणि २००२ मध्ये त्याच वळणावरचा ‘बॅटलफील्ड १९४२’ आला. एका मैदानात ६४ जण, मधे काबीज करायचे झेंडे आणि मेलेल्या प्रत्येक सैनिकामागे घटणारे संघाचे गुण. वेक बेटाच्या नकाशाचा फुकट डेमो आधीच बाहेर पडला होता आणि कित्येकांनी मूळ खेळ न घेता तेवढ्यावरच महिनोन्‌महिने काढले. आजच्या ब्राउझरी रणांगणाचा जवळजवळ सगळा आराखडा त्या डेमोत सापडतो.

ब्राउझरची वाट मात्र बराच काळ प्लगइनवाल्यांच्या, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवाल्यांच्या, हातात होती. शॉकवेव्ह, फ्लॅश, मग युनिटी वेब प्लेअर. सायबर कॅफेत किंवा शाळेच्या लॅबमध्ये बसलेल्यांना आठवेल: प्लगइन टाकायला परवानगी हवी, आणि मशीन रीस्टार्ट झालं की टाकलेलं सगळं पुसलेलं. ‘क्वेक लाइव्ह’ काही वर्षं प्लगइनवर चालला आणि शेवटी साधा डाउनलोड करायचा खेळ झाला. ‘बॅटलफील्ड हिरोज’ २००९ मध्ये फुकट आला. त्याचं रूप कार्टूनसारखं होतं आणि तो सुरूही वेबसाइटवरूनच व्हायचा, पण आधी आख्खा खेळ उतरवून घ्यावा लागायचा. २०१५ मध्ये तो बंद झाला. त्याच वर्षी क्रोमने जुन्या धाटणीच्या प्लगइनना कायमचं दार लावलं आणि युनिटी वेब प्लेअरवरचे असंख्य छोटे शूटर, म्हणजे गोळीबाराचे खेळ, त्या ब्राउझरमध्ये एका झटक्यात चालेनासे झाले. त्यातले बरेच पुन्हा कोणी बांधले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी वाट तोवर तयार होत होती. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात व्लादिमिर वुकिचेविच यांनी २००६ मध्ये ब्राउझरमध्ये थेट त्रिमिती चित्र काढण्याचा प्रयोग दाखवला. त्यातूनच मार्च २०११ मध्ये वेबजीएल हे मानक आलं. आता ग्राफिक्स चिपशी बोलायला प्लगइनची गरज उरली नाही. २०१३ मध्ये मोझिला आणि खेळ बनवणारी एपिक कंपनी यांनी अनरियल इंजिन, म्हणजे खेळ उभारायचा तयार सांगाडा, ब्राउझरमध्ये चालवून दाखवलं. २०१७ मध्ये वेबअसेम्ब्ली, म्हणजे इतर भाषांतला प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये वेगाने चालवायची सोय, चारही मोठ्या ब्राउझरमध्ये पोचली आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं इंजिन मूळ वेगाच्या जवळपास धावू लागलं. त्याच सुमारास ‘शेल शॉकर्स’ आणि ‘क्रंकर’ आले. दोन्ही साधे, दोन्ही वेगवान, पण दोन्ही मुख्यतः पायी लढायचे, छोट्या मैदानांतले.

मग रणगाडे का थांबले होते? चित्रापेक्षा मोठं कारण आकड्यांत आहे. मैदानात १६ जण असतील आणि प्रत्येकाला उरलेल्या १५ जणांची जागा सेकंदाला २० वेळा कळवायची असेल, तर सर्व्हरला सेकंदाला ४,८०० नोंदी पाठवाव्या लागतात. ६४ जण झाले की तोच आकडा ८०,६४० होतो. माणसं चौपट, काम जवळजवळ सतरापट. पायदळाच्या खेळात यावर एक तोड आहे: जवळच्यांचीच माहिती पाठवायची. पण हेलिकॉप्टरमधल्याला आख्खं मैदान दिसतं, त्याच्यासमोर ही युक्ती लंगडी पडते.

त्यातून ब्राउझरचा सर्व्हरशी बोलायचा जुना मार्ग, वेबसॉकेट, टीसीपीवर चालतो; या पद्धतीत माहितीची पाकिटं क्रमानेच पोचवली जातात. वाटेत एक पाकीट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पाकिटं रेल्वे फाटकावरच्या गाड्यांसारखी खोळंबतात. डेस्कटॉपवरचे शूटर यूडीपी ही दुसरी पद्धत वापरतात, तिथे हरवलेलं पाकीट सोडून देऊन पुढे जाता येतं. ब्राउझरमध्ये तशी सोय वेबआरटीसी या नव्या मार्गाच्या डेटा चॅनलमधून मिळाली. सावकाश चालणाऱ्या सैनिकाची जागा क्षणभर चुकली तर खपून जातं, पण वेगातलं विमान तेवढ्यात डोंगरात शिरलेलं दिसतं.

आता त्या ठोकळेबाज, म्हणजेच लो-पॉली, रूपाचं महत्त्व ध्यानात येईल. त्रिमिती वस्तू त्रिकोणांची बनते. त्रिकोण मोजकेच ठेवले आणि पृष्ठभागावर छायाचित्रासारखे पोत न चढवता सपाट रंग भरले, की आख्खं मैदान थोडक्या एमबीत मावतं. मोठ्या स्टुडिओंचे खेळ ५० जीबीच्या पुढे जातात. पान उघडून वाट बघणारा माणूस त्यातला एक टक्काही उतरेपर्यंत थांबणार नाही. शिवाय वाचलेली ताकद लांबचं दाखवायला कामी येते. रणगाडा आणि विमान असलेल्या खेळात दूरची टेकडी धुक्यात गडप झाली तर खेळच संपला. जवळच्या गवताची पाती सोडून देऊन लांबचं क्षितिज घ्यायचं, हा सौदा मला तरी रास्त वाटतो.

आणि तो लोकांना आवडतो, हे डेस्कटॉपवर सिद्ध झालं. स्वीडनच्याच योहान हासेल यांनी ‘रेवनफील्ड’ हा निळ्या-लाल ठोकळ्यांचा खेळ एकट्याने उभा केला. आधी फुकट बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, मग २०१७ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विक्री. त्यात समोर माणसं नसतातच, सगळे बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू. फुकट ब्राउझर खेळांना ही कल्पना फार उपयोगी आहे, कारण भर दुपारी सर्व्हरवर पाचच जण असले तरी बॉट भरून मैदान गजबजतं ठेवता येतं. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘बॅटलबिट रीमास्टर्ड’ने दुसरं टोक गाठलं. मोजून तीन जणांनी बनवलेला ठोकळ्यांचा खेळ आणि एका मैदानात २५४ खरे खेळाडू.

ब्राउझर अजून तिथवर पोचलेला नाही. पण ‘बॅटलबिट’च्या आधीच्याच महिन्यात क्रोमने वेबजीपीयू, म्हणजे वेबजीएलच्या पुढचं मानक, सर्वांसाठी खुलं केलं. हजारो एकसारखी झाडं किंवा शेकडो सैनिक यांचा हिशेब प्रोसेसरवर न टाकता थेट ग्राफिक्स चिपकडे सोपवायची सोय त्यात आहे. नेटवर्कचा हिशेब मात्र जिथल्या तिथेच आहे, त्यामुळे फुकटचे सर्व्हर चालवणारे लोक एका मैदानात किती जण घ्यायचे हे अजून हात राखूनच ठरवतात.