घरी येऊन नोटरी: पैसे किती आणि कशाचे

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एका शिक्क्याचे किती?" उत्तर सोपं आहे, १५ डॉलर. पण नुसतं तेवढंच सांगितलं की घोळ होतो, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काम सुरू केलं त्या वर्षी एका काकांना फोनवर "पंधरा" सांगितलं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन, जाण्यायेण्याचे धरून, सत्तर मागितले. काका काही बोलले नाहीत. पैसे दिले, वर चहाही पाजला. पुन्हा मात्र त्यांचा फोन आला नाही. चूक सर्वस्वी आमची होती. म्हणून आता पूर्ण आकडा फोनवरच सांगतो, आणि तो कसा बनतो ते या पत्रकात लिहिलं आहे.

आम्ही दोघं नवरा-बायको फ्रीमाँटला राहतो. दोघंही कॅलिफोर्निया राज्याचे नोटरी आहोत. भारतात नोटरी म्हटलं की कोर्टाबाहेर बसलेले वकीलसाहेब डोळ्यांसमोर येतात. इथे तसं नाही. सहा तासांचा वर्ग, परीक्षा, बोटांचे ठसे घेऊन पोलिसी चौकशी आणि १५,००० डॉलरचा बाँड (आमच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर भरपाईची हमी), एवढं झालं की चार वर्षांसाठी नेमणूक मिळते. त्यामुळे तुमच्या कागदात काय लिहावं हे आम्ही सांगू शकत नाही. सही करणारी व्यक्ती तीच आहे आणि ती समोर हजर आहे, याची खात्री करणं हे आमचं काम.

पान नव्हे, सही

१५ डॉलर हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याने घातलेला कमाल दर आहे आणि तो एका सहीचा आहे. पुण्याचा फ्लॅट विकण्यासाठी भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं असेल, तर ते दोन पानी असो की चौदा पानी, एकाच माणसाची सही असेल तर १५ डॉलरच. नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर सह्या दोन, म्हणून ३०. फ्लॅट चाळीस लाखांचा आहे की चार कोटींचा, याच्याशी आमचा काही संबंध नाही. कुणी किमतीवर टक्केवारी मागितली तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तिकडचे वकील बरेचदा कळवतात, "प्रत्येक पानावर नोटरीचा शिक्का हवा." कॅलिफोर्नियात तसं करता येत नाही. शिक्का नोटरीच्या प्रमाणपत्राबरोबरच उमटतो, सुटा नाही. तिकडून आलेल्या मसुद्यात खाली नोटरीसाठी जो मजकूर छापलेला असतो, तोही इथे सहसा चालत नाही. अशा वेळी आम्ही राज्याने ठरवलेल्या मजकुराचं प्रमाणपत्र वेगळ्या कागदावर भरून जोडतो. त्याचे जास्तीचे पैसे नाहीत. दोन साक्षीदारांच्या सह्या तुम्ही शेजाऱ्यांकडून घ्या. त्या सह्या नोटराइझ करायच्या नसतील तर त्यांचेही पैसे नाहीत.

आमच्याकडे एक नोंदवही असते. तारीख, वेळ, कागदाचा प्रकार, ओळखपत्र आणि शेवटच्या रकान्यात घेतलेली फी. तो रकाना तुम्ही बघू शकता, किंबहुना बघाच. कुलमुखत्यारपत्र किंवा घर-जमिनीचा कागद असेल तर उजव्या अंगठ्याचा ठसाही त्याच वहीत घ्यावा लागतो. वयस्कर माणसांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. मागे एका आजींचा ठसा तीन वेळा कोराच उमटला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, भांडी घासून घासून गेल्या त्या रेषा." मग हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, पाच मिनिटं थांबलो. चौथ्यांदा उमटला. अशा वेळेचे आम्ही पैसे लावत नाही.

जाण्यायेण्याचे पैसे

खरा फरक पडतो तो इथे. घरी येण्याच्या खर्चावर कॅलिफोर्नियात कायद्याची मर्यादा नाही. म्हणूनच तो आधी ठरला पाहिजे, असं आमचं मत आहे. आमचे दर असे: फ्रीमाँट, न्यूअर्क, युनियन सिटी ३५ डॉलर. मिलपिटास, सांता क्लारा, सनीव्हेल ५५. खाडीवरच्या डंबार्टन पुलापलीकडे ६०, शिवाय टोल. टोल जातानाच लागतो, येताना नाही, त्यामुळे एकदाच धरतो. रात्री आठनंतर किंवा हॉस्पिटलमध्ये यायचं असेल तर २० जास्त.

५५ कुठून आले? सनीव्हेलला जाऊन येऊन साधारण ३६ मैल होतात. इथल्या आयकर खात्याने २०२५ साठी गाडीचा दर मैलाला ७० सेंट धरला होता, म्हणजे २५ डॉलर गाडीचेच झाले. उरलेल्या ३० मध्ये ८८० हायवेवरच्या गर्दीसकट आमचा दीड तास. यापेक्षा खूप कमी घेणारेही भेटतील. ते कसं परवडतं हे आम्हाला उमगलेलं नाही, पण त्यांनी कागद नीट केला असेल तर तुमचं काम झालंच.

तेव्हा सनीव्हेलच्या जोडप्याचा हिशोब: दोन सह्यांचे ३०, येण्याचे ५५, एकूण ८५. फोनवर हाच आकडा सांगू, दारातही हाच.

एक स्पष्ट सांगतो. तुम्ही गाडी चालवू शकत असाल आणि दिवसा वेळ असेल, तर आधी तुमच्या बँकेत विचारा. काही बँका खातेदारांना नोटरी फुकट करून देतात. आम्हाला बोलवायचं ते आई-बाबांना बाहेर नेणं जमत नाही तेव्हा, घरात तान्हं बाळ आहे तेव्हा किंवा कामावरून सुटेपर्यंत सगळं बंद होतं तेव्हा.

आई भारतातून आलेली आहे आणि तिला मराठीच येतं, तेव्हाही. सही करणाऱ्याशी नोटरीला थेट बोलता आलं पाहिजे, असा इथला नियम आहे. मुलाने मध्ये बसून भाषांतर केलेलं चालत नाही. मराठीत बोलण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, ते मागायला आम्हालाच लाज वाटेल.

ओळखपत्र आणि वाया गेलेली फेरी

आधार कार्ड इथे चालत नाही. पासपोर्ट चालतो, कॅलिफोर्नियाचं लायसन्स चालतं. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. कागदात तिन्ही नावं आणि लायसन्सवर दोनच, किंवा फ्लॅटच्या करारात माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं. कागदावरचं नाव ओळखपत्रावरून सिद्ध होत नसेल तर आम्ही शिक्का मारू शकत नाही. मग १५ डॉलर नाहीत, पण येण्याचे निम्मे घेतो. हे टाळायचं तर फोनवर दोन्हीकडची स्पेलिंगं वाचून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण कंटाळा प्रत्येकजण करतो.

पासपोर्टची "खरी प्रत" म्हणून शिक्का द्या, अशीही मागणी येते. कॅलिफोर्नियाच्या नोटरीला तो अधिकार नाही. व्हिडिओ कॉलवरही आम्ही सही घेऊ शकत नाही. त्यासाठीचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण यंत्रणा उभी करायला २०३० पर्यंत मुदत आहे.

अपोस्टील

अपोस्टील म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा आहे, असं परदेशासाठी सरकारने दिलेलं प्रमाणपत्र. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे तिकडे नोटरीच्या शिक्क्यानंतर बहुधा अपोस्टील मागतात. ते राज्याच्या राजधानीतून, सॅक्रमेंटोहून, मिळतं. सरकारी फी कागदामागे २० डॉलर, खिडकीवर हातोहात हवं असेल तर वर ६. टपालाने तुम्ही स्वतः पाठवू शकता, अर्ज भरायला आम्ही फुकट मदत करतो. आम्ही नेऊन आणायचं असेल तर सरकारी फी सोडून ६० डॉलर. दर दुसऱ्या गुरुवारी चार-पाच जणांचे कागद एकत्र नेतो म्हणून एवढ्यात होतं. एकट्यासाठी उद्याच जायचं असेल तर १८०. पण घाई खरी आहे का, ते आधी तिकडच्या वकिलांना विचारा. परदेशातून आलेल्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागतो. ती मुदत कागद तिकडे पोचल्यावर सुरू होते, इथे सही केल्यावर नाही.

फोन करताना एवढं सांगा: कागद कशाचा, सह्या किती जणांच्या, पत्ता, आणि ओळखपत्रावरचं नाव. सह्या आधी करून ठेवू नका.

*इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत जाहिरात करणाऱ्या नोटरीला छापावी लागणारी सूचना (हीच सूचना मागच्या बाजूला इंग्रजीत आहे):*
*मी वकील नाही, त्यामुळे इमिग्रेशनविषयी किंवा इतर कोणत्याही कायदेशीर बाबीविषयी सल्ला देऊ शकत नाही. कायद्याने ठरलेली कमाल फी: सही प्रमाणित करणे, प्रत्येक सहीस १५ डॉलर. शपथ देऊन सही घेणे, प्रत्येक व्यक्तीस १५ डॉलर. टपाली मतपत्रिकेच्या पाकिटासाठी आणि माजी सैनिकांच्या लाभांच्या अर्जासाठी फी नाही.*